जुन्या एसीला वाय-फाय: आयआर ब्लास्टर, १६ अँपिअरचा प्लग आणि बाकीचे पर्याय

घरात एक चालता-बोलता स्प्लिट एसी आहे, त्याला वाय-फाय नाही, आणि तो मोबाइलवरून किंवा वेळापत्रकाने चालवायचा आहे. अशा घरासाठी बाजारात मुख्यतः दोन वस्तू मिळतात: आयआर ब्लास्टर, म्हणजे वाय-फायवरून हुकूम घेऊन रिमोटसारखे अवरक्त (आयआर) संदेश पाठवणारी छोटी डबी, आणि १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग. दोन्हींच्या खोक्यांवर एसीचं चित्र असतं, किमतीही साधारण हजार रुपयांच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे कोणता घेतला तरी चालेल असं वाटतं. तसं नाही. स्प्लिट एसीसाठी ब्लास्टरच घ्यावा. प्लग घेतला तर एसीचं नुकसान होण्याची शक्यता जास्त आणि सोय जवळपास शून्य. या परीक्षणात दोन्हींची कारणं, बसवण्याची रीत, नेमकं कुठे अडतं ते, आणि शेवटी पैसे न घालता किंवा कमी घालून काय करता येतं तेही सांगितलं आहे.

आधी रिमोट कसा काम करतो ते पाहू, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुटतात. टीव्हीचा रिमोट एका बटणामागे एकच छोटा संदेश पाठवतो: आवाज वाढव, चॅनेल बदल. एसीचा रिमोट तसा नाही. त्यावर + दाबलं की ‘एक अंश वाढव’ असं तो सांगत नाही. ‘चालू, कूल मोड, २६ अंश, पंखा ऑटो, झडप वर-खाली’ अशी पूर्ण स्थिती तो दर वेळी नव्याने पाठवतो. म्हणूनच तापमान रिमोटच्या पडद्यावर दिसतं आणि रिमोट दुसऱ्या खोलीत नेऊन बटणं दाबली तर एसी एक सांगतो, रिमोट दुसरंच. हे संदेश साधारण ३८ किलोहर्ट्झच्या अवरक्त प्रकाशात जातात आणि त्यांची लांबी कंपनीगणिक फार वेगळी असते. एलजीच्या नेहमीच्या रिमोटचा संदेश २८ बिटांचा, व्होल्टासच्या एका जातीचा ८० बिटांचा, पॅनासॉनिकचा २१६, तर डायकिनच्या काही रिमोटचा तब्बल २८० बिटांचा. हा आकडा लक्षात ठेवा, स्वस्त ब्लास्टर इथेच गळपटतात.

आता प्लग का नको ते. प्लग फक्त वीज तोडतो आणि जोडतो. स्प्लिट एसी बंद करायची त्याची स्वतःची एक पद्धत असते: रिमोटने बंद म्हटलं की आधी कॉम्प्रेसर थांबतो, अनेक मॉडेलांत आतला पंखा काही मिनिटं चालून ओली कॉइल वाळवतो, झडप मिटते. वीजच तोडली तर कॉइल ओलीच राहते आणि आठ-पंधरा दिवसांत एसी लावल्या लावल्या कुबट वास यायला लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. इन्व्हर्टर एसीत तर कंट्रोल बोर्ड सतत काम करत असतो, त्याची वीज रोज भर चालू असताना तोडणं हा त्या बोर्डावर अत्याचार आहे, आणि बोर्डाची दुरुस्ती ब्लास्टरच्या कितीतरी पट महाग पडते.

बरं, वीज जोडल्यावर तरी एसी चालू होतो का? ज्यात ऑटो-रीस्टार्ट आहे तो होतो, ज्यात नाही तो बीप करून गप्प बसतो. म्हणजे प्लगने ‘चालू’ करणं हे मॉडेलच्या मर्जीवर. तापमान बदलणं, पंखा कमी करणं, ड्राय मोड लावणं तर प्लगला शक्यच नाही.

शिवाय भाराचा प्रश्न. दीड टनाचा साधा, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसी चालताना ७ ते ८ अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या चार-पाच पट. प्लगमधला छोटा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, हा धक्का रोज सोसत राहिला की त्याचे संपर्क चिकटतात आणि ॲपवर ‘बंद’ दिसत असताना एसी चालूच राहतो. सॉकेट सैल असेल तर पिना तापतात, प्लॅस्टिक तपकिरी पडतं. मुळात बऱ्याच घरांत एसी २० किंवा २५ अँपिअरच्या एमसीबीवाल्या धातूच्या बॉक्सवर असतो, तिथे १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग बसतही नाही. त्यासाठी तो बॉक्स काढून साधं सॉकेट लावून घेणं हा तर उलटा प्रवास झाला. असं करू नये.

एसींमध्ये प्लगला एकच रास्त जागा आहे: फिरवायच्या खटक्याचा जुना विंडो एसी. त्याचा खटका जिथे ठेवला तिथे राहतो, म्हणून वीज आली की तो पूर्वीसारखा सुरू होतो. तिथेही बंद केल्यावर पुन्हा चालू करण्यात किमान तीन ते पाच मिनिटांचं अंतर हवंच, कारण आतला दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर ढकलला तर तो अडकतो आणि गरम झाला की ओव्हरलोडचं संरक्षण त्याची वीज तोडतं. वेळापत्रक लावताना हे अंतर आपणच पाळायचं, प्लग पाळत नाही. दीड टन किंवा त्याहून मोठा विंडो एसी असेल तर प्लगऐवजी इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टर (मोठा भार सोसणारा रिले) बसवून घ्यावा आणि स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी.

आता ब्लास्टर. बाजारातले बहुतेक स्वस्त ब्लास्टर, नाव कुठलंही असो, आतून तुया या प्रणालीवर चालतात. स्मार्ट लाइफ किंवा विकणाऱ्या कंपनीचं तसंच दिसणारं ॲप त्यांना लागतं. दुसरा नेहमीचा पर्याय ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी. तो थोडा महाग, पण दोन कारणांनी मला तो जास्त पसंत आहे. एक, त्याला एचटीएस२ नावाची वेगळी केबल जोडता येते, तिच्यात तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर असतो. दोन, होम असिस्टंटसारख्या घरच्या सर्व्हरवरून, म्हणजे घरातल्याच संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, तो इंटरनेटशिवायही चालतो, फक्त ब्रॉडलिंकच्या ॲपमध्ये त्याचं ‘लॉक’ काढावं लागतं. आरएम४ प्रो मध्ये यापलीकडे ४३३ मेगाहर्ट्झचा रेडिओ आहे. तो रेडिओ रिमोटचे पडदे, काही पंखे वगैरेंसाठी. नुसत्या एसीसाठी प्रोचे जादा पैसे देऊ नयेत. ज्याला घरचा सर्व्हर वगैरे काही नको, फक्त ऑफिसातून निघताना एसी लावायचा आहे, त्याला तुयाचा साधा ब्लास्टर पुरतो.

ब्लास्टरला ५ व्होल्टचं यूएसबी लागतं आणि खोक्यात बहुधा फक्त केबल येते, चार्जर येत नाही. मोबाइलचा जुना ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर उत्तम. टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेऊ नका, टीव्ही बंद झाला की ब्लास्टरही बंद.

जागा निवडणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लोक ते सगळ्यात शेवटी करतात. एसीचा आयआर डोळा बहुधा आतल्या युनिटच्या उजव्या खालच्या बाजूला, तापमानाच्या आकड्यांजवळ असतो. ब्लास्टर समोरच्या किंवा तिरक्या भिंतीकडे, ३ ते ५ मीटरवर, टेबलाच्या उंचीवर ठेवा. मध्ये पडदा, कपाटाचं दार, फोटोफ्रेम नको. अवरक्त किरण भिंतीवरून परावर्तित होतात म्हणून लहान खोलीत थेट रेषा नसली तरी अनेकदा चालतं, पण ‘अनेकदा’ म्हणजे दहातून एकदा हुकणार, आणि ते हुकणं रात्री बंद करण्याच्या वेळी झालं तर एसी सकाळपर्यंत चालणार. एका ब्लास्टरवर दोन खोल्या चालत नाहीत. आणि तापमानाचा सेन्सर असेल तर ब्लास्टर एसीच्या थेट झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आकडे खोटे येतात. किरण निघतायत का हे पाहायचं असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा ब्लास्टरकडे धरा. बऱ्याच फोनांत जांभळट चमक दिसते. मागच्या कॅमेऱ्याला गाळणी असते, तिथे दिसेलच असं नाही.

जोडणी करताना अडतं ते जवळपास नेहमी वाय-फायवर. हे ब्लास्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाने देत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, किंवा जोडणीपुरतं ५ बंद करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ करा. जोडताना फोनचं लोकेशन आणि ब्लूटूथ चालू हवं, मोबाइल डेटा बंद. शक्य असेल तर ही सगळी उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ती वेगळी राहतात. पासवर्ड बदलला की प्रत्येक उपकरण नव्याने जोडावं लागतं, हे आधीच गृहीत धरा.

पुढची पायरी कंपनी निवडण्याची. ॲपमध्ये यादीतून एसीची कंपनी निवडली की ॲप संदेशांचा एकेक संच पाठवून पाहतं आणि ‘प्रतिसाद आला का?’ विचारतं. इथे पहिल्या बीपला ‘हो’ म्हणून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. चालू-बंद जुळतं, पण पंखा किंवा ड्राय मोड जुळत नाही, किंवा २७ म्हटलं की एसी २५ दाखवतो. म्हणून पाच गोष्टी एसीच्या आकड्यांकडे बघत तपासा: चालू करणं, २४ वरून २७ करणं, पंखा कमी करणं, ड्राय मोड, आणि बंद करणं. पाचही जुळले तरच तो संच ठेवा. तुमच्या कंपनीच्या नावाखाली एकही संच जुळला नाही तर मिडिया (Midea) किंवा ग्री (Gree) या नावांखालचे संच पाहा. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ एसींचे रिमोट या दोन घराण्यांतले असतात.

तरीही नाही जुळलं तर ब्लास्टरला रिमोट शिकवावा लागतो. वर सांगितलेली पूर्ण स्थितीची गोष्ट इथे कामी येते. ‘+’ आणि ‘−’ शिकवण्यात काही अर्थ नाही, कारण शिकलेलं ‘+’ म्हणजे त्या क्षणीचं एकच ठरलेलं तापमान. त्याऐवजी स्थिती शिकवा. रिमोटवर टायमर, स्लीप, टर्बो सगळं बंद करा. मोड कूल, पंखा ऑटो, झडप हवी तशी ठेवा. तापमान २५ वर आणा. मग ॲपमध्ये ‘शिका’ दाबून रिमोट ब्लास्टरपासून एक-दोन वितीवर धरा आणि + एकदाच, पटकन दाबा. जे नोंदलं गेलं ते ‘चालू, कूल, २६’. त्याला तेच नाव द्या. असंच २४, २७, २८, ‘ड्राय’ आणि ‘बंद’. एवढ्या सहा-सात नोंदींत घर चालतं. नोंद केल्यावर लगेच पाठवून पाहा. एसी ढिम्म राहिला आणि तुमचा एसी डायकिन, हिताची किंवा पॅनासॉनिकचा असेल तर लांब संदेश ब्लास्टरच्या स्मृतीत मावला नसण्याची शक्यता मोठी. पुन्हा पुन्हा शिकवून तो मावणार नाही. दुसरा ब्लास्टर घ्या, म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका. उजेडाचं बटण, टर्बो, काही एसींत झडप ही बटणं मात्र आलटून-पालटून चालणारी असतात, म्हणजे तोच संदेश एकदा चालू करतो, पुढच्या वेळी बंद. ती वेळापत्रकात घालू नका.

ब्लास्टरची खरी मर्यादा इथून पुढे सुरू होते. तो बोलतो, ऐकत नाही. एसीने बीप केलं की नाही हे त्याला कळत नाही, कुणी हातात रिमोट घेऊन तापमान बदललं तरी ॲप जुनंच दाखवत राहतं. घरात आजी-आजोबा असतील तर ते रिमोटच वापरणार, आणि वापरू द्यावा. सेन्सिबो किंवा सिएलोसारखी फक्त एसीसाठी बनवलेली उपकरणं हाताच्या रिमोटचा संदेश ऐकून ॲप दुरुस्त करतात. आखाती देशांत किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांना ती सहज मिळतात आणि घ्यावीत. इथे ती आयात करून घेण्याइतका फरक मला वाटत नाही, कारण दोन साध्या युक्त्यांनी बराच प्रश्न सुटतो.

पहिली: महत्त्वाचा संदेश दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने दोनदा पाठवा. संदेशात पूर्ण स्थिती असल्याने दुसऱ्यांदा पोहोचला तरी काही बिघडत नाही, एसी फक्त पुन्हा बीप करतो. ज्या मोजक्या जुन्या एसींत चालू-बंदचं बटण आलटून-पालटून चालतं, तिथे ही युक्ती करू नका, दुसरा संदेश पहिल्याला उलटवेल. दुसरी: इंटरनेट गेलं तरी एसी बंद व्हावा यासाठी एसीचाच टायमर वापरा. बहुतेक स्वस्त ब्लास्टरचं वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं, रात्री दोनला ब्रॉडबँड गेलं की पहाटे पाचचं ‘बंद’ येतच नाही. ज्या रिमोटवर ‘इतक्या तासांनी बंद’ असा टायमर लावता येतो, त्यावर सात तास लावून ती पूर्ण स्थिती एक वेगळी नोंद म्हणून शिकवा आणि पाठवल्यावर एसीवर टायमरचा दिवा लागतो का बघा. लागला तर झोपताना हीच नोंद पाठवायची. सगळ्या रिमोटवर हे जमत नाही, काहींचा टायमर वेगळ्या संदेशात असतो, पण जमलं तर याइतकी भरवशाची सोय दुसरी नाही.

ज्यांना एसी खरोखर चालू आहे की नाही हे पक्कं कळायला हवं, त्यांनी एसीच्या लाइनवर चिमट्याचा वीजमापक बसवून घ्यावा. शेली ईएमसारखं उपकरण मुख्य बोर्डात बसतं, त्याचा चिमटा एसीच्या फेजच्या तारेभोवती फक्त अडकवायचा असतो, एसीचा भार त्यातून जात नाही. जे लोक वीजमापनासाठी प्लग घेतात, त्यांच्यासाठी योग्य वस्तू ही आहे. काम इलेक्ट्रिशियनचं आहे, स्वतः करू नये.

वेळापत्रक लावताना एसी इन्व्हर्टर आहे की साधा, यावर सगळं अवलंबून. साधा एसी एकाच वेगाने चालतो किंवा थांबतो. त्याला बाहेरच्या सेन्सरवरून चालू-बंद केलं तरी चालतं, फक्त बंद आणि चालू होण्याच्या तापमानात एक-दीड अंशाचं अंतर ठेवा, म्हणजे २५.५ ला बंद, २७ ला चालू, आणि मध्ये किमान पाच मिनिटं. इन्व्हर्टर एसीला हेच केलं तर त्याची सगळी करामत वाया जाते. खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसरचा वेग उतरवून थोड्या विजेत ती तशीच राखणं हेच त्याचं काम, आणि आपण त्याला दर अर्ध्या तासाने बंद करून पुन्हा पूर्ण वेगाने धावायला लावतो. इन्व्हर्टरला चालूच राहू द्या आणि फक्त तापमान हलवा.

झोपायच्या खोलीसाठी मुंबईत मी असं लावतो: दहाला २५ आणि पंखा ऑटो, साडेअकराला २६, दोनला २७ आणि छताचा पंखा दोनवर, साडेपाचला बंद, छताचा पंखा तसाच. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांतसुद्धा उत्तररात्री बाहेरची हवा उतरते, तिथे तीनलाच एसी बंद करून खिडकी उघडणं जास्त सुखाचं. नागपूरला मे महिन्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तिथे संध्याकाळी आठपासून २६ वर हळू चालवलेला एसी झोपायच्या वेळी १८ वर पळवलेल्या एसीपेक्षा बरा. तापमान १८ वर ठेवल्याने हवा जास्त थंड निघत नाही, एसी फक्त थांबायचं विसरतो.

दमट हवेसाठी एक वेगळी नोंद. जून महिन्यात, पाऊस लागला आणि तापमान उतरलं की इन्व्हर्टर एसी कमी वेगाने चालतो, कॉइल पुरेशी थंड होत नाही आणि हवेतलं पाणी नीट निघत नाही. आकडा २६ दाखवतो आणि अंग चिकट. आर्द्रतेचा सेन्सर असेल तर ६५ टक्क्यांच्या वर गेल्यास ड्राय मोड आणि ५५ च्या खाली आल्यास पुन्हा कूल २७, हा नियम लावा. एचटीएस२ केबलचे पैसे या एका नियमात वसूल होतात.

लाइट जाऊन आल्यावर काय होतं तेही आधी तपासा. एसी चालू असताना एमसीबी बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. एसी आपोआप सुरू झाला तर त्यात ऑटो-रीस्टार्ट आहे. असा एसी घरात कुणी नसताना लाइट गेली-आली की स्वतः सुरू होऊ शकतो, जर वीज जाताना तो चालू स्थितीत असेल. होम असिस्टंट वापरणाऱ्यांनी ‘ब्लास्टर पुन्हा जोडला गेला आणि घरात कुणी नाही तर दोन मिनिटांनी बंद पाठव’ असा नियम करून ठेवावा. राउटर जागा व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, म्हणून तेवढा वेळ. दार उघडं राहिलं तर बंद करणारा सेन्सरही उपयोगी, पण तीन मिनिटांचा धीर ठेवून. हालचालीच्या सेन्सरवर मात्र झोपायच्या खोलीत विसंबू नका. साध्या पीआयआर सेन्सरला झोपलेला माणूस दिसत नाही, तो एसी बंद करून मोकळा होतो.

यातून बिल किती वाचतं? एसीवरच्या बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लेबलवर वर्षाचे युनिट १६०० तास धरून लिहिलेले असतात. समजा ८०० युनिट लिहिलेत, म्हणजे तासाला सरासरी अर्धा युनिट. रात्री आठ तास, महिनाभर: १२० युनिट. बीईई सांगते की तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २४ ऐवजी २६ ठेवलं तर महिन्याला १४ युनिट. पहाटे दीड तास आधी बंद केलं तर कागदावर २२ युनिट, प्रत्यक्षात कमी, कारण पहाटे एसी तसाही हळू चालतो. म्हणजे एका खोलीमागे महिन्याला २५-३० युनिट धरा. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात, त्यामुळे ज्यांचं उन्हाळ्याचं बिल ३०० च्या जरा वर जातं त्यांना हे युनिट महागड्या टप्प्यातले वाचतात. बाकीच्यांनी ब्लास्टर सोयीसाठी घ्यावा. ‘४० टक्के वीज वाचवा’ असं लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवू नये. २०२० च्या जानेवारीपासून नवे एसी चालू करताना मुळातच २४ वर सुरू होतात, त्यामुळे बचतीचा पहिला घास तिथेच खाऊन झालेला आहे.

नवा एसी घ्यायचाच असेल तर आत वाय-फाय असलेला घ्या, तो एसीच्या बोर्डाशी थेट बोलतो, खरी स्थिती दाखवतो आणि बिघाडाचा कोडही सांगतो. विकत घेताना नीट विचारा: वाय-फाय आत आहे, की ‘वाय-फाय रेडी’ म्हणजे मोड्यूल वेगळं विकत घ्यावं लागेल? मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या सामाईक प्रणालीत १.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपासून, खोलीच्या एसीचा समावेश आहे. मॅटरचं चिन्ह असलेला एसी कंपनीच्या ॲपवर कायमचा अवलंबून राहत नाही. फक्त वाय-फायसाठी चांगला चालणारा एसी काढून टाकणं मात्र शहाणपणाचं नाही.

सोल्डरिंग येणाऱ्यांना घरीच ब्लास्टर बनवता येतो आणि तो विकतच्या बऱ्याच ब्लास्टरपेक्षा चांगला चालतो. नोडएमसीयू बोर्ड, ९४० नॅनोमीटरची आयआर एलईडी, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, एलईडीच्या मालिकेत ४७ ओहम, आणि शिकण्यासाठी टीएसओपी३८२३८ रिसीव्हर. एलईडी थेट बोर्डाच्या पिनेला जोडली तर पल्ला जेमतेम एक-दीड मीटर मिळतो, ट्रान्झिस्टर त्यासाठीच. सॉफ्टवेअर म्हणून तास्मोटाची आयआर आवृत्ती किंवा ईएसपीहोम. तास्मोटामागच्या मोफत लायब्ररीत व्होल्टास, डायकिन, एलजी, पॅनासॉनिक, हिताची यांच्या अनेक रिमोटचे संदेश नुसते नोंदलेले नाहीत, अर्थासकट उलगडलेले आहेत. रिसीव्हर सतत चालू ठेवता येत असल्याने हाताच्या रिमोटने केलेला बदलही कळतो, म्हणजे आयात उपकरणाची मुख्य करामत दोन-चारशे रुपयांत.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर आधी खिसा आणि रिमोट तपासा. शाओमी, रेडमी, पोकोच्या बऱ्याच फोनांत आयआर असतो, रिमोट हरवला तर तोच रिमोट. एसीच्या रिमोटवरचा स्लीप मोड बहुतेक मॉडेलांत पहिल्या दोन तासांत तापमान एकेक अंशाने वाढवतो, वरच्या वेळापत्रकाचं निम्मं काम तिथेच झालं. आणि ‘आय फील’ किंवा ‘फॉलो मी’ बटण असेल तर ते नक्की वापरा. एसीचा स्वतःचा सेन्सर छताजवळच्या गरम हवेचं तापमान मोजतो, हे बटण दाबल्यावर तो रिमोटमधल्या सेन्सरचं धरतो. रिमोट उशाशी, पण एसीला दिसेल असा ठेवायचा. उशीखाली गेला की एसी पुन्हा स्वतःच्या सेन्सरवर जातो.

छताचा पंखा हा एसीचा सगळ्यात स्वस्त जोडीदार. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात ३० ते ३५ वॅट घेतो, साधा ७५ च्या आसपास. एसी २७ वर आणि पंखा दोनवर ही जोडी बहुतेकांना नुसत्या २५ इतकीच सुखाची वाटते. पंखा आयआर रिमोटचा असेल तर त्याच ब्लास्टरवर येतो. रेडिओ रिमोटचा असेल तर येणार नाही, घेताना विचारून घ्या.

कूलरबद्दल स्पष्ट बोलायचं तर तो विदर्भाचा आहे, कोकणाचा नाही. नागपूरला ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताट्यांचा कूलर साधारण ३० अंशांची हवा देतो, बाहेरच्यापेक्षा १४ अंशांनी कमी. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेलाही तो ३० चीच हवा देतो, पण ती जवळपास ९० टक्के ओली. अंग सुकणारच नाही. मुंबई, कोकण, गोव्यात कूलर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. अकोला, अमरावती, चंद्रपूरला मात्र मेच्या अखेरीपर्यंत एसीच्या आधी कूलरचाच विचार करावा, आणि समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवावी, नाहीतर तिथेही खोली दमट होते.

आणि जो स्मार्ट प्लग स्प्लिट एसीला नको म्हटला, तो इथे चपखल बसतो. कूलरचा खटका यांत्रिक असतो, भार दीडशे-अडीचशे वॅटचा. पंप आणि पंखा यांचे प्लग वेगळे करता आले तर पंप दहा मिनिटं आधी लावा, ताट्या भिजल्यावर पंखा, म्हणजे सुरुवातीचा गरम, धुळकट झोत अंगावर येत नाही. रात्री दोननंतर पंप बंद आणि पंखा चालू ठेवला तर पहाटेची चिकचिक टळते आणि ताट्या वाळल्याने वासही धरत नाही. टाकीत पाणी संपल्यावर पंप कोरडा चालून जळतो, त्यामुळे प्लगवर पंपाची कमाल वेळ टाकीच्या अंदाजाने बांधून टाका: भरलेली टाकी पाच तास पुरत असेल तर पंपाला साडेचार तास.